परसातल्या वाफ्याला ‘औषध’ कशाला?

तुळशीचे लग्न लागले की आमच्या दवाखान्यातील तक्रारी बदलतात. पावसाळ्यातले ताप आणि जुलाब मागे पडतात. भेगाळलेल्या टाचा, आखडलेले गुडघे, दम्याची धाप आणि चढलेला रक्तदाब पुढे येतात. त्याचबरोबर माझ्या टेबलावर येणाऱ्या पिशव्याही बदलतात. कोणी मेथीची जुडी आणून ठेवतो, कोणी कोवळे मुळे, कोणी शेवंतीची चार फुले. “घरची आहे डॉक्टर, बाजारची नाही,” असे सांगताना देणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते माझ्या कोणत्याही गोळीने येत नाही.

हिवाळा हा परसबागेचा खरा हंगाम. पावसाळ्यात चिखल आणि तण, उन्हाळ्यात पाण्याची ओढ. मधल्या या चार महिन्यांत मात्र वीतभर जागेतही काहीतरी पिकते. आपल्यासारख्या गावात अजून बऱ्याच घरांना मागे मोरीच्या पाण्यावर पोसलेली चार हात जमीन आहे. ज्यांना ती नाही त्यांनी गच्चीवर तेलाचे रिकामे डबे, फुटक्या बादल्या आणि सिमेंटच्या गोण्या मांडल्या आहेत. या मंडळींचा उद्योग पाहण्यासारखा असतो. धने हाताने रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, पेरायचे आणि आठ-दहा दिवस रोज सकाळी जाऊन माती निरखायची. मेथीचे तसे नाही. ती तीन-चार दिवसांत वर येते आणि पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी खुडायला होते, म्हणून जाणती माणसे सगळे बी एकदम न टाकता आठवड्या-पंधरवड्याने एकेक वाफा पेरतात. कोबी-फ्लॉवरची रोपे करून लावायची. गाजर-मुळा मात्र जागच्या जागी, कारण त्यांना उपटून पुन्हा लावलेले सोसत नाही. ऑक्टोबरात छाटलेल्या गुलाबाला सहा-सात आठवड्यांनी बहर येतो आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना दारची शेवंती हवी म्हणून काही बायका जूनपासून तिची बडदास्त ठेवतात. भोगीच्या भाजीत पावटा, घेवडा, वांगे, गाजर यातले निदान दोन जिन्नस घरचे पडावेत अशी एक अघोषित शर्यतही असते. चंपाषष्ठीला वांगे सुटते तेव्हा पहिले भरीत घरच्या वांग्याचे झाले पाहिजे, असा हट्ट धरणारे एक निवृत्त मुख्याध्यापक माझे जुने पेशंट आहेत.

डॉक्टर म्हणून मला या छंदाविषयी फार आदर आहे, आणि थंडीच्या दिवसांत तर मी तो औषधासारखा लिहून देतो. पहाटे साडेपाचला मफलर गुंडाळून डांबरी रस्त्यावर झपझप चालणारी वयस्क माणसे पाहिली की मला धाकधूक वाटते. थंडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा ताणही वाढतो. हृदयविकाराचे झटके थंडीत आणि सकाळच्या वेळी अधिक येतात ही गोष्ट जगभर दिसून आलेली आहे. ज्यांना रक्तदाब आहे, दमा आहे किंवा ज्यांच्या हृदयावर उपचार झालेले आहेत, त्यांनी थंडीत ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे, हे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. बागेचे शास्त्रही नेमके हेच सांगते. पानांवर दव असेपर्यंत वाफ्यात शिरू नये, पाणी सकाळचे ऊन आल्यावर द्यावे, संध्याकाळी पाने भिजवली तर रात्रभर ओली राहून बुरशी धरते. माळी आणि वैद्य यांचे एवढे एकमत दुसरीकडे क्वचितच आढळेल.

जाता जाता उन्हाविषयी. कोवळ्या उन्हात बसले की ड जीवनसत्त्व भरपूर मिळते अशी समजूत आहे, ती पुरती खरी नाही. ते तयार करणारे किरण सूर्य चांगला वर आल्यावर, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान, जमिनीपर्यंत नीट पोहोचतात. सकाळी सातला शाल पांघरून ओट्यावर बसण्याने ऊब मिळते, जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. दहाच्या सुमारास बाह्या दुमडून वाफ्यात काम केले तर दोन्ही मिळतात.

काही पथ्ये सांगून टाकतो. मातीत आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू सुप्त रूपात वर्षानुवर्षे टिकून राहतात, म्हणून गुलाबाचा काटा किंवा गंजका खिळा लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा दर दहा वर्षांनी त्याची लस घेऊन ठेवावी. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल तर तरीही दाखवावी. मधुमेहाच्या रुग्णांनी अनवाणी वाफ्यात जाऊ नये. त्यांच्या पायांची संवेदना कमी झालेली असते, काच रुतली तरी तिसऱ्या दिवशी मोजा रक्ताने चिकटल्यावर कळते. गुडघेदुखी असणाऱ्यांनी उकिडवे बसून निंदणी करण्याऐवजी बुटके स्टूल घ्यावे. आणि कुंड्यांखालच्या ताटल्या दर आठवड्याला रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या ताटलीलाही कित्येक महिने चिकटून जिवंत राहतात, नुसते पाणी ओतून टाकल्याने ती जात नाहीत.

एवढे सगळे सांगितले, पण आजच्या लेखाचे कारण वेगळे आहे. थंडीत मध्येच दोन-चार दिवस आभाळ येते, हवा कुंद होते आणि पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा दाटतो. वाटाण्याच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसते, टोमॅटोच्या पानांत नागअळी पांढऱ्या रेघा ओढते. दीड महिना तळहाताच्या फोडासारखे जपलेले वेल आठ दिवसांत जाणार असे दिसले की माणूस हवालदिल होतो. मग कोणीतरी शेजारी सल्ला देतो, “अहो, एकदा औषध मारा.” गावाकडे भावाची किंवा मेहुण्याची शेती असतेच. तिथून शीतपेयाच्या बाटलीत छटाकभर द्रव येतो, आणि तो घरात येतो तोही ‘औषध’ म्हणूनच.

माझे भांडण आहे ते या शब्दाशी. आमच्या भाषेत पंप घेऊन शेतात जाणारा माणूस औषध मारतो, दुकानातून औषध आणतो, औषधाचा डोस वाढवतो. शब्द इतका रुळला आहे की तो मुद्दाम कोणी वाईट हेतूने वापरत नाही. परंतु जो शब्द आपण तापाच्या गोळीला वापरतो तोच या द्रवाला वापरल्याने त्याची भीती निघून जाते. खोकल्याच्या बाटलीशेजारी ठेवायला हात कचरत नाही. झाकणाने मोजायला काही वाटत नाही. त्याला विष म्हणायला काय हरकत आहे? डब्यावर तर तसे छापलेलेच असते.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात पन्नाशीच्या एका गृहिणीला चौघांनी धरून दवाखान्यात आणले. बाहेर गारठा होता आणि बाई घामाने निथळत होत्या. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, दोन उलट्या झालेल्या, पोटात मुरडा. घरच्यांत दोन तट पडले होते. एक म्हणे पित्त खवळले, दुसरा म्हणे हार्ट अटॅक. मी डोळ्यांवर बॅटरी धरली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. सकाळपासून काय काय केले ते विचारत गेल्यावर उलगडा झाला. गच्चीवरच्या पावट्यावर मावा पडला होता, म्हणून दिराच्या शेतावरून आणलेले ‘औषध’ दुपारी मारले होते. किती? तर एक झाकण. पंप नव्हता, म्हणून इस्त्री करताना कपड्यांवर पाणी उडवायची बाटली वापरली. वारा समोरून होता. नाकाला पदर बांधला होता. तो त्या फवाऱ्याने भिजला आणि तसाच तास-दीड तास नाकाशी राहिला. अंगावरचे कपडे बदलून साबणाने अंग धुवायला लावले, अ‍ॅट्रोपिन सुरू केले आणि त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी रवाना केले. सहा दिवसांनी त्या घरी आल्या. आज ठणठणीत आहेत. पावट्याचा वेल मात्र त्यांच्या यजमानांनी रागाने उपटून टाकला, ज्याचा काडीचा दोष नव्हता.

हे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. आपले मज्जातंतू स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो एका रसायनाच्या द्वारे. निरोप पोहोचला की ते रसायन लगेच मोडून टाकणारे दुसरे एक द्रव्य शरीरात असते, म्हणून निरोप वेळच्या वेळी थांबतो. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके या दुसऱ्या द्रव्यालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, अश्रू, जुलाब सुरूच राहतात, स्नायू फडफडतात, छाती कफाने भरते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. माव्याचा जीव याच वाटेने जातो आणि माणसाचाही. हे विष पोटात जावे लागत नाही. कातडीतून आणि श्वासातूनही ते आत शिरते.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ती रोज फवारणी करणारी, हातात पंप मुरलेली माणसे होती. तिथे इस्त्रीच्या बाटलीची काय कथा!

“भाजी धुऊन खातो की,” असे मला ऐकवले जाते. धुण्याने वरचा अंश बराच कमी होतो हे खरे. परंतु यातली पुष्कळशी कीटकनाशके आंतरप्रवाही असतात, म्हणजे झाडाच्या रसातून पानापानांत भिनतात. किडा रस शोषतो म्हणून मरतो. तो रस आपण धुऊन कसा काढणार? म्हणूनच फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे ते प्रत्येक पिकासाठी ठरवून दिलेले असते. शेतकऱ्याला हे दिवस पाळणे निदान शक्य असते, कारण त्याची तोडणी ठरलेल्या दिवशी होते. परसबागेत आपण काय करतो? आमटी उकळत असताना चार काड्या कोथिंबीर खुडून आणतो. नातवंड येता-जाता टोमॅटो तोडून खाते. महिनाभरात संपणाऱ्या मेथीला आठ-पंधरा दिवस हात लावायचा नाही, असे सांगितले तर ती पेरायचीच कशाला?

शिवाय शेतावरून येणाऱ्या बाटलीत नेमके काय आहे ते आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरण्यास २००५ पासून मनाई आहे. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी आणली. फोरेट, ट्रायझोफॉस आणि डायक्लोरव्हॉस यांच्यावर केंद्र सरकारने २०१८ साली काढलेल्या आदेशानुसार २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. पण कायदा दुकानाला लागू होतो, माळ्यावर पडलेल्या डब्याला कोण विचारतो? ज्याला आपल्याकडे सर्रास थिमेट म्हणतात ते फोरेटचे दाणे आजही कोणाच्या तरी परसात कुंडीच्या मातीत मिसळलेले किंवा साप येऊ नये म्हणून भिंतीकडेने टाकलेले मला ऐकायला मिळतात. त्याच भिंतीकडेला रांगणारे मूल खेळत असते.

घरात विष असणे हाच मुळात धोका आहे. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेतल्या दुपारच्या जेवणातून विषबाधा होऊन २३ मुले गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस मिसळले गेले होते. दुसरी बाब लिहायला जड जाते, तरी लिहितो. घरोघरी भांडणे होतात, परीक्षेचे निकाल लागतात, माणसे रागावतात आणि खचतात. तो उमाळा बहुतेक वेळा काही तासांत ओसरतो, पण तेवढ्या वेळात हाताशी अशी बाटली असणे आणि नसणे यात एका जिवाचे अंतर पडते. श्रीलंकेने नव्वदच्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि पुढच्या वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण ठळकपणे खाली आले. माणसांची दुःखे काही तिथे एकाएकी कमी झाली नव्हती. शेतकऱ्याला त्याच्या धंद्यापायी हे विष घरी ठेवावे लागते, त्याने ते कुलपात ठेवावे. आपल्यावर तशी काही पाळी आलेली आहे काय?

शेतकऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या एका एकरावर कर्ज असते, सोसायटीचा हप्ता असतो. पीक गेले तर वर्ष जाते. आपला पावट्याचा एक वेल गेला तर भोगीला पावशेर पावटे मंडईतून आणावे लागतील, याहून अधिक काय होणार? नुकसान एवढेसे आणि त्यावर उपाय मात्र जिवावर बेतणारा, हा हिशेब मला कधी कळला नाही.

कोणी म्हणेल, मग काय सगळे किड्यांना खाऊ घालायचे? तसे नाही. चार वाफ्यांच्या मालकाकडे एक गोष्ट आहे जी चार एकरांच्या मालकाकडे नसते, ती म्हणजे वेळ. माव्याने भरलेले शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावेत, उरलेल्या वेलावर नळीने पाण्याचा जोरदार फवारा मारावा. पडलेला मावा सहसा परत चढत नाही. हे तीन-चार दिवस रोज करावे लागते, आणि निवृत्त माणसाला तेवढेच काम. कोबी-फ्लॉवरच्या पानांच्या मागे अळ्या आणि अंडी असतात, ती सकाळी हाताने वेचावीत. पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून तो झाडांमध्ये टांगला तर पांढरी माशी आणि उडणारा मावा चिकटतो. निंबोळीची भरड ५० ग्रॅम एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, त्यात थोडा साबणाचा चुरा विरघळवून ऊन उतरताना फवारावी. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला मारू नये. तो आणि त्याची पिल्ले मावाच खातात. यातले बरेचसे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत, माझ्या पदरचे त्यात काही नाही.

एक सावधगिरी मात्र माझी आहे. हल्ली यूट्यूबवर पाहून पुष्कळ जण तंबाखूचा काढा करून फवारतात आणि घरगुती आहे म्हणून निर्धास्त असतात. तंबाखूतील निकोटिन हे स्वतःच जहाल विष आहे, तेही कातडीतून शिरते. काढा ढवळताना हात बरबटले आणि मळमळ, चक्कर, घाम सुरू झाला तर त्याचे आश्चर्य वाटू नये. घरी केलेले म्हणजे निरुपद्रवी, हा समज स्वयंपाकघरापुरताच ठीक आहे.

गुलाबवाल्यांचा आक्षेप राहिला. “डॉक्टर, गुलाब काय खायचा आहे?” हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. गावठी गुलाबाचा गुलकंद घरोघरी होतो हे बाजूला ठेवू. पण विष फवारणाऱ्याच्याच अंगावर आधी उडते, फूल खा किंवा नका खाऊ. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक पुरते, तेही हातमोजे घालून, वारा पाठीशी घेऊन. बाकी रोगट पाने तोडून टाकणे आणि झाडाला ऊन-वारा लागेल अशी छाटणी करणे, यातच निम्मे काम होते.

घरात अशी बाटली असेलच, तर ती गटारात, विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये. घंटागाडीतही टाकू नये. ज्याच्याकडून आणली त्याला, झाकण घट्ट लावून, ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहून परत द्यावी. आणि दुर्दैवाने कोणाच्या अंगावर सांडले किंवा पोटात गेले, तर कपडे उतरवून अंग आणि केस साबणाने भरपूर पाण्याने धुवावेत. डोळ्यात गेले असेल तर पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे. धुणाऱ्याने आपल्या हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नये; दूध-तूप पाजण्यात वेळ घालवू नये. रुग्ण सुस्त असेल तर कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा. जाताना बाटली सोबत न्यावी. लेबल फाटलेले असले तरी न्यावी, नुसत्या वासावरूनही डॉक्टरला पुष्कळ कळते.